नऊशे रुपयांची पाखरांची विष्ठा: ‘सी-बर्ड ग्वानो’ द्राक्षबागेत वापरून बघितला, त्याचा हिशेब

आधी निकाल सांगतो, छाटणीच्या दिवसांत लांबण वाचायला कुणाला वेळ नसतो. बागेसाठी घेऊ नका. कुंड्यांसाठी घ्या, पण माल कुठल्या बेटावरचा हे पाकिटावर छापलेलं असेल तरच. पाचपैकी अडीच तारे. ज्यांना एवढंच पाहिजे होतं त्यांनी खुशाल बागेकडं जावं. बाकीच्यांनी जरा बसावं, कारण हे खत माझ्या बोदापर्यंत (वेलीखालच्या मातीच्या वरंब्यापर्यंत) कसं आलं ते शोधता शोधता मी बहात्तरच्या दुष्काळात जाऊन पोचलो.

माझी बाग तासगाव तालुक्यात, मणेराजुरीच्या अलीकडं. पावणेदोन एकर थॉमसन जातीची द्राक्षं, डॉगरिजच्या खुंटावर कलम केलेली. २०२३ च्या ऑक्टोबरात फळछाटणीच्या तोंडावर नेहमीच्या दुकानात डीएपी आणायला गेलो होतो. दुकानाचं नाव लिहीत नाही, माणूस उधारीला नाही म्हणत नाही आणि पुढं जे लिहिणार आहे त्यात त्याचा दोष किती नि माल भरून पाठवणाऱ्याचा किती हे मला अजून कळलेलं नाही. तर त्यानं काउंटरवर एक चकचकीत पाकीट ठेवलं. वर निळा समुद्र, पांढरे पक्षी, आणि आकडे १०-१०-२, म्हणजे शंभरात नत्र दहा, स्फुरद दहा, पालाश दोन.

“तात्या, समुद्री पाखरांचं खत. पेरू देशातलं. शंभर टक्के सेंद्रिय.”

“केवढ्याला?”

“पाच किलो नऊशे. मागल्या वर्षी सातशेला देत होतो. तिकडं एल निनो आलाय म्हणं, पाखरं कमी झाली, माल येईना.”

मला हसू आलं. डीएपी मिळेना तर युद्ध, पोटॅश महागलं तर युद्ध, आणि आता पाखरं. पण एल निनो, म्हणजे पॅसिफिक समुद्राचं पाणी गरम होतं तो प्रकार, हा शब्द त्या वर्षी आमच्याही डोक्यात बसला होता. तो ऑगस्ट १९०१ पासूनचा देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट ठरला होता, माझ्या विहिरीनं तळ दाखवला होता, आणि टीव्हीवर रोज तोच शब्द. माझ्या बागेचं पाणी तोडणारा आणि त्या पाखरांना मारणारा एकच, असं हा बाबा म्हणतोय का? त्या एका वाक्यापायी मी नऊशे रुपये मोजले असं म्हटलं तरी चालेल.

घरी पाकीट फोडलं. सुकटीच्या बाजारात वळवाचा पाऊस पडल्यावर येतो तसला वास. आई ओसरीवरनंच म्हणाली, “काय रं, कसला वास ह्यो?”

“पाखरांचं खत हाय आये, परदेशातलं.”

“पाखराचं? आन् इकत आणलंस?” थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “माघात त्याच पाखरांच्या मागं डबं बडवत पळतूस की.”

यावर माझ्याकडं उत्तर नव्हतं, आजही नाही.

आता वापराचं. एक ओळ धरली, बावीस झाडं. शेणखत सगळ्या बागेला सारखंच. या ओळीला डीएपी दिलं नाही, त्याऐवजी बोदात चारी घेऊन झाडाला दीडशे ग्रॅम ग्वानो टाकला, माती ओढली, ठिबक सोडलं. शेजारच्या बावीस झाडांना नेहमीचं डीएपी. फवारण्या, थिनिंग (मणी विरळणं), जीएचे डीप (मणी फुगवायच्या संजीवकात घड बुडवणं) सगळं दोन्हीकडं एकसारखं. मार्चमध्ये दोन्ही ओळी वेगवेगळ्या क्रेटमध्ये काढल्या आणि तोलल्या. ग्वानोची ओळ २६२ किलो, डीएपीची २५७. पाच किलोचा फरक माझ्या काट्याचाही असू शकतो. गोडी सारखी, मणी सारखा. पान मात्र ग्वानोच्या ओळीचं थोडं जास्त काळंभोर होतं, हे बायकोनं पाहिलं, मी नाही.

म्हणजे खत बोगस नाही. डीएपीची जागा त्यानं भरून काढली. प्रश्न दराचा. डीएपीचं पन्नास किलोचं पोतं १३५० रुपयांना, त्यात ९ किलो नत्र आणि २३ किलो स्फुरद. अन्नद्रव्याचा किलो पडतो बेचाळीस रुपयांच्या आसपास. डीएपीला सरकारचं अनुदान आहे, मान्य. ग्वानोच्या पाच किलोत पाकिटावरचे आकडे खरे धरले तरी नत्र, स्फुरद, पालाश मिळून १ किलो १०० ग्रॅम. किलोला आठशेच्या वर. वीसपट जवळजवळ. एकरात साडेआठशे-नऊशे झाडं असतात, तुम्हीच गुणाकार करा, मी केला तेव्हा पाणी प्यावं लागलं.

आणि आकडे खरे नव्हतेच. मूठभर माल प्रयोगशाळेत दिला होता. स्फुरद आलं १४, म्हणजे लिहिल्यापेक्षा जास्त. नत्र आलं ३.१. पाकिटावर दहा! दुकानदाराला कागद दाखवला तर तो म्हणाला, “मी काय पाखरांच्या मागं उभा होतो का तात्या?” माणूस बोलायला गोड आहे, म्हणून तर उधारी चालते.

माझी पुतणी सांगलीला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते. दिवाळीला आली तेव्हा तिला पाकीट दाखवलं होतं, उन्हाळ्यात प्रयोगशाळेचा कागद पाठवला. तिचा फोन आला, “काका, हे खत पाऊस खाल्लेलं आहे.” मग तिनं समजावलं ते असं.

पक्ष्याच्या विष्ठेत नत्र भरपूर असतं, पण ते पाण्यात विरघळून जातं किंवा हवेत उडून जातं. पाऊस पडणाऱ्या बेटावर नत्र वाहून जातं आणि मागं स्फुरद उरतं. पेरूच्या किनाऱ्यावरचा ग्वानो जगात नावाजला तो त्या किनाऱ्यावर जवळजवळ पाऊसच पडत नाही म्हणून. दक्षिणेकडून येणारा थंड पाण्याचा हंबोल्ट प्रवाह किनाऱ्याला लागून वाहतो, वरची हवा गार राहते, ढग येतात पण बरसत नाहीत. हजारो वर्षं थरावर थर साचत गेला. चिंचा नावाची तीन बेटं आहेत तिथं (नाव ऐकून आई खूश झाली), एकोणिसाव्या शतकात त्यांच्यावर शंभर फुटांहून जाड थर होते. अलेक्झांडर फॉन हंबोल्टनं नमुने युरोपात नेले आणि १८४० नंतर जहाजंच्या जहाजं भरून ते इंग्लंड-अमेरिकेच्या शेतांत गेलं. खणायला चीनमधून आणलेले मजूर, जवळजवळ गुलामच. १८६० च्या दशकात स्पेननं ही बेटं बळकावली, त्यावरनं लढाई झाली. विष्ठेवरनं लढाई! वीस-तीस वर्षांत हजारो वर्षांचा साठा खरवडून संपला.

माझं पाकीट मात्र एकतर पावसाच्या बेटावरचं होतं, नाहीतर वाटेत ओलं झालेलं, किंवा पक्ष्यांचं नव्हतंच. वटवाघळांचा ग्वानोही याच नावानं विकतात, त्यात वाईट काही नाही, पण मग चित्र वटवाघळाचं छापा.

आता दुकानदाराच्या त्या वाक्याकडं येतो, मागल्या वर्षी सातशे, यंदा नऊशे. पुतणी म्हणाली, “अर्धं खरं बोललेत ते.”

तिथं तीन पाखरं महत्त्वाची. एक ग्वानाय, म्हणजे आपल्या कृष्णेकाठच्या पाणकावळ्याचाच भाऊबंद, पण पोट पांढरं. दुसरा बूबी, तिसरा पेलिकन. तिघंही मुख्यतः एकाच माशावर जगतात, अँकोव्हेटा. बोटाएवढा मासा, आपल्या मांदेळीच्या घराण्यातला. हा मासा तिथं एवढा का, तर व्यापारी वारे वरचं पाणी किनाऱ्यापासून दूर ढकलतात आणि त्याची जागा घ्यायला खालून गार, खतावलेलं पाणी वर येतं. समुद्राच्या तळातलं खत आपोआप वर. त्यावर सूक्ष्म शेवाळ, शेवाळावर मासा, माशावर पाखरू, आणि पाखराचं खत परत शेतात. मला हे ऐकून कृष्णेचं पाणी पंपानं उचलणाऱ्या आमच्या म्हैसाळ योजनेची आठवण झाली. पंप चालू आहेत तोवर कवठे महांकाळपर्यंत हिरवं.

एल निनोच्या वर्षी वारे मंदावतात. पंप बंद. गरम पाण्याची जाड साय किनाऱ्यावर येऊन बसते, गार पाणी खाली दबतं. मासा खोल जातो, दक्षिणेला सरकतो, कमी होतो. बूबी आणि पेलिकन वरनं सूर मारणारे, त्यांच्या पोचेबाहेर. ग्वानाय बुडी मारून पोहत खाली जातो, पण त्यालाही हद्द आहे. घरट्यात पिल्लं, आणि आईबाप संध्याकाळी रिकामे.

मी तिला विचारलं, मग ती मरतात का?

तिचं उत्तर असं की आधी मरत नाहीत, आधी घरटं सोडतात. समुद्रपक्षी जगतो खूप वर्षं आणि अंडी घालतो मोजकी. खाणं कमी दिसलं तर बरीचशी त्या वर्षी जोडीच जमवत नाहीत. अंडी घातलेली असली तर सोडून देतात. पिल्लं झाली असली तरी एका टप्प्यानंतर सोडून उडतात, पुढची वर्षं हातची जाऊ नयेत म्हणून.

इथं मी तिला थांबवलं. म्हटलं, बाई, हे मला सांगू नकोस, याला घड जिरणं म्हणतात. द्राक्षवाल्याला हे कळायला प्राणिशास्त्र लागत नाही. एप्रिल छाटणीनंतर काडीत घड तयार होतात, डोळ्याला दिसत नाहीत. त्या दिवसांत ढग राहिले, काडीत अन्न साठलं नाही, तर ऑक्टोबरात फूट निघते जोमदार, पोंग्यात घड दिसतोही, आणि आठ दिवसांत त्या घडाची बाळी, म्हणजे नुसता तणावा, होऊन जाते. बघताना पोटात कालवतं. झाड मरत नाही. झाडानं हिशेब केलेला असतो. फक्त तो आपल्या कर्जाच्या हप्त्याला धरून केलेला नसतो. पुतणी म्हणाली, “काका, हे मी वर्गात सांगणार.” सांग म्हटलं.

पण जास्त ताण आला तर मरतातही. १९५० च्या दशकाच्या मध्यावर पेरूच्या किनाऱ्यावर ही पाखरं अडीच कोटींच्या वर होती. १९५७-५८ च्या एल निनोनंतर साठ लाखांच्या आसपास उरली. तरी पुन्हा वाढली, साठीच्या दशकात दीड कोटीच्या वर गेली. ही जात अशा फटक्यांना सरावलेली आहे, एल निनो काही आजचा नाही. मग १९६५ चा एल निनो आला, परत चाळीसेक लाखांवर. यावेळी मात्र ती पहिल्यासारखी उठली नाहीत, कारण मधल्या काळात समुद्रात आणखी एक गिऱ्हाईक आलं होतं. बोटी. अँकोव्हेटा उपसायचा, उकडायचा, दळायचा आणि फिशमील करून जगभरच्या कोंबड्या-डुकरांना घालायचं. सांगलीच्या पोल्ट्रीवाल्यांना फिशमील म्हणजे काय ते सांगायला नको. १९७० ला एका वर्षात सव्वा कोटी टनांच्या घरात मासा काढला गेला. आणि पाठोपाठ १९७२-७३ चा एल निनो. १९७३ ची मासळी वीस लाख टनांच्या आसपास. पाखरांच्या वाट्याला काय राहिलं असेल त्याचा अंदाज करा.

१९७२ हा आकडा फोनवर ऐकला आणि मी गप्प झालो.

तेव्हा मी सहा वर्षांचा होतो. आई खडी फोडायला जायची, पाझर तलावाच्या कामावर. मला बरोबर न्यायची कारण तिथं सुकडी मिळायची. घरी मिलोच्या भाकरी, अमेरिकेतनं आलेली लाल जोंधळ्याची जात, भाकरी थापताना मोडायची, आई रडायची नाही, शिव्या द्यायची. दुष्काळ आधीच्या वर्षापासून होताच, बहात्तरनं कंबर मोडली. त्या वर्षी देशाचा मान्सून सरासरीपेक्षा जवळजवळ चोवीस टक्के कमी पडला. पॅसिफिकमधल्या ज्या गरम पाण्यानं तिकडं पिल्लं उपाशी ठेवली, त्याचाच हात इकडच्या पावसाला लागला होता. हा संबंध पहिल्यांदा धुंडाळणारा माणूसही इकडंच होता. गिल्बर्ट वॉकर, १९०४ पासून वीस वर्षं हिंदुस्थानच्या हवामान खात्याचा प्रमुख, पावसाचा अंदाज कसा बांधावा या विवंचनेत जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे जुळवत बसलेला.

आणखी एक कडी आहे. अँकोव्हेटा गेला म्हणून फिशमील गेलं, म्हणून कोंबडीखाद्याला सोयाबीन पाहिजे झालं, पिकंही जगभर मार खाल्लेली, भाव एवढे भडकले की १९७३ च्या जूनमध्ये अमेरिकेनं सोयाबीनची निर्यातच बंद केली. आज पलूस-वाळव्याकडं सोयाबीनचा दर बघून जे कपाळाला हात लावतात, त्यांनी हे ध्यानात ठेवावं की त्या दरात कधीकाळी एका बोटाएवढ्या माशाचाही हिस्सा होता.

मात्र हा हिशेब सरळ रेषेतला नाही, दुकानदार सांगतो तसा. १९९७ चा एल निनो शतकातल्या मोठ्यांपैकी, पेरूच्या पाखरांची त्यात दैना झाली, पण आपला मान्सून त्या वर्षी सरासरीला होता. उलट २०१५ ला दोन्हीकडं बसला. मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे गेली ती २०१६ च्या एप्रिलात, पहिल्या खेपेला दहा वाघिण्या, पाच लाख लिटर. मिरज स्टेशनवर मी ती उभी बघितली आहे. त्याच काळात अलास्काच्या किनाऱ्यावर मर नावाचे काळे-पांढरे पक्षी मरून लागत होते. तिथं आधीच गरम पाण्याचा मोठा डाग बसला होता, त्यात एल निनोची भर. सापडलेले मृत पक्षी बासष्ट हजार. पुढं वसाहतींची मोजणी करून २०२४ ला जो अंदाज आला तो चाळीस लाखांचा, म्हणजे अलास्कातले निम्मे मर. कित्येक वसाहतींत त्या वर्षांत एकही पिल्लू उडालं नाही. गरम पाण्यात मोठ्या माशांची भूक वाढते आणि बारका मासा रोडावतो, पाखराला दोन्हीकडनं मार.

तर दुकानदाराचं अर्धं खरं ते हे: २०२३ ला एल निनो होता, पेरू सरकारनं अँकोव्हेटाचा पहिला हंगामच रद्द केला कारण जाळ्यात लहानच मासा येत होता. पण त्या वर्षी पाखरं घटली त्यात मोठा वाटा बर्ड फ्लूचा. २०२२ च्या अखेरीपासून तिथं लाखो बूबी, पेलिकन आणि ग्वानाय त्या रोगानं गेले. आणि उरलेलं अर्धं? प्रयोगशाळेच्या कागदावरनं माझा माल पेरूचा असावा असं मला वाटत नाही. पाखरं मेली पेरूची, भाव वाढला दुसऱ्याच कुठल्या तरी बेटाचा.

म्हणून घेताना काय बघायचं ते सांगतो. नत्र दहाच्या पुढं लिहिलंय आणि पाकीट फोडल्यावर नाकाला झोंबणारा वास नाही, तर शंका घ्या. नत्र चांगलं असलं की अमोनिया नाकात जातोच. रंग फिकट पिवळसर-तपकिरी, हाताला भुरभुरीत. माझा काळपट आणि ढेकळाचा होता. देश, बेट आणि काढणीचं वर्ष छापलेलं नसेल तर ते सी-बर्ड आहे की नुसतं बर्ड, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. पेरूत आता ही बेटं राखीव आहेत, २२ बेटं आणि ११ भूशिरं २००९ पासून, आणि ग्वानो हातानं खरवडून, पाळीपाळीनं बेटं बदलून काढतात, पाखरांना सावरायला मधली वर्षं देतात. असला माल स्वस्त असूच शकत नाही. माझी नऊशेबद्दल तक्रार नाही, नऊशेला तीन टक्के नत्र दिल्याबद्दल आहे.

पुतणीनं आणखी एक गोष्ट सांगितली ती खताशी संबंधित नाही पण लिहितो. २०११ मध्ये शास्त्रज्ञांनी जगातल्या सात समुद्रभागांतली चौदा जातींची पाखरं तपासली. बारका मासा जास्तीत जास्त जेवढा असतो त्याच्या एक तृतीयांशाखाली साठा गेला की पिल्लांची संख्या कोसळायला लागते. एक हिस्सा पाखरांचा, दोन आपले. आईला हे सांगितलं तर ती म्हणाली, “मग तूबी जाळी काढ की.” पाखरांपासून द्राक्षं झाकायची जाळी काढणार नाही. पण बांधाकडची शेवटची ओळ यंदा झाकलेली नाही, आणि त्यात माझा किती आणि आईचा किती हात आहे हे घरातला प्रश्न आहे.

तारे अडीच कसे, तर एक तारा काम केल्याबद्दल, एक कुंड्यांसाठी (आईच्या तुळशीला आणि बायकोच्या मिरच्यांना चमचाभर टाकला होता, मिरच्यांनी वेड लावलं), अर्धा दुकानदाराच्या त्या एल निनोच्या वाक्याला. बाकीचे अडीच पाकिटावरच्या दहाच्या आकड्यानं खाल्ले.

किलोभर अजून शिल्लक आहे. गावातल्या कुणाला कुंडीसाठी वाटीभर पाहिजे असेल तर शनिवारी यावं. येताना झाकणाचा डबा आणावा, पिशवीतनं नेला तर वास वाटेभर लागतो, आणि मागच्या माणसाला एसटीतनं उतरवलं होतं.